वेग सांडतो कुठे?

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही अमेरिकेची सरोवरांची राज्यं. आपल्याकडे दारात मोटरसायकल उभी असते तितक्या सहज तिथे अंगणात ट्रेलरवर चढवलेली अठरा फुटी मोटरबोट दिसते. उन्हाळ्यातल्या शनिवारी ती पाण्यात उतरते, दिवसभर पोरांना ओढते, आणि संध्याकाळी वारा पडून सरोवर काचेसारखं झालं की मालकाला मोह आवरत नाही. तो थ्रॉटलचा दांडा शेवटपर्यंत पुढे रेटतो. इंजिन गर्जतं, नाळ वर उचलली जाते, मग बोट सपाट होऊन पळू लागते. वेग चढत चढत ताशी ५५ किलोमीटरवर येतो आणि तिथेच अडतो. शेजाऱ्याची तशीच बोट, तेच इंजिन, पण ती ६० ने पुढे निघून जाते.

मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो मोठ्या इंजिनाचा. विचार चूक नाही, फक्त त्याचा नंबर शेवटचा आहे. बोटीत वेग तयार होतो एका ठिकाणी आणि सांडतो चार ठिकाणी: बुडाशी, वजनात, पंख्यात आणि कोनात. ही चार भोकं बुजवायची कशी, ते या प्रकरणात पाहू.

इंजिन आत, पाय बाहेर

आपल्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या बहुतेक छोट्या बोटींच्या मागे आउटबोर्ड इंजिन टांगलेलं असतं. ते वळवता येतं, उथळ पाण्यात वर उचलता येतं. दुसरा जुना प्रकार इनबोर्डचा. त्यात जड इंजिन बोटीच्या पोटात बसतं आणि त्याचा दांडा बुडातून तिरका बाहेर निघतो. तो कोन कायमचा ठरलेला असतो आणि वळायला वेगळं सुकाणू लागतं.

या दोघांचं लग्न लावून दिलं ते जिम विन या अमेरिकी अभियंत्याने. आउटबोर्ड बनवणाऱ्या मर्क्युरीच्या कारखान्यात काम करून तो बाहेर पडला होता. त्याच्या कल्पनेवर स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटाने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ बनवलं आणि १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट-प्रदर्शनात मांडलं. दोनच वर्षांनी मर्क्युरीचं ‘मर्क्रूझर’ बाजारात आलं. या प्रकाराला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. रचना अशी की मोटारीच्या जातीचं चार स्ट्रोकचं इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या उभ्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, चिकटून बसतं. त्याची ताकद फळीतून आडवी बाहेर पडते, गिअरांवरून काटकोनात खाली उतरते आणि पुन्हा काटकोनात वळून पंख्याला मिळते. बाहेरचा हा पाय डावी-उजवीकडे वळतो, म्हणून सुकाणू लागत नाही. तो पुढे-मागेही झुकतो. हे झुकणं लक्षात ठेवा, पुढे त्याचं मोठं काम आहे.

हिशेबासाठी एक बोट धरू. लांबी १८ फूट, बूड ‘व्ही’ आकाराचं, आत ३ लिटरचं चार सिलिंडरचं १३५ अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. अशा बोटींत वर्षानुवर्षं हेच इंजिन सर्रास बसत आलं. गिअर दोनास एक, म्हणजे इंजिनाचे दोन फेरे तेव्हा पंख्याचा एक. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाने मिनिटाला ४४०० ते ४८०० फेरे घ्यावेत, असं त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं. माणसं आणि पेट्रोल धरून वजन सुमारे १२०० किलो.

लहानपणी तळ्यावर चपटा दगड फेकून भाकऱ्या काढल्या असतील, तर या बोटीचं तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे. दगड हळू टाकला की बुडतो, जोरात आणि योग्य कोनात फेकला की पाणीच त्याला वर उडवतं. हळू चालणारी बोट पाणी बाजूला सारत जाते. वेग वाढला की बुडावर आदळणारं पाणी तिला उचलून धरतं आणि ती पाण्यावरून सरकू लागते. याला प्लेनिंग म्हणतात. मग पाण्याला टेकलेलं बूड जितकं कमी, तितकं घर्षण कमी. पुढचे सगळे उपाय याच वाक्यातून निघतात.

आधी मोजा

बोटीच्या फळीवरच्या वेगाच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या बोटींत हा काटा पाण्याचा दाब मोजून चालतो आणि त्याच्या बारीक भोकात गाळ अडकला की काहीही दाखवतो. जीपीएस वापरा. एकदा वाऱ्याच्या दिशेने जा, एकदा उलट या, आणि सरासरी काढा. दर वेळी माणसं तेवढीच आणि टाकी तेवढीच भरलेली ठेवा. सोबत इंजिनाचे फेरे लिहून घ्या. वेग आणि फेरे या दोन आकड्यांत बोटीची अख्खी कुंडली असते.

आपल्या बोटीवर पहिल्या दिवशी आकडे मिळाले ४१५० फेरे आणि ताशी ५५ किलोमीटर. इंजिन ४४०० लाही पोचत नाही, म्हणजे ते गुदमरलंय.

गुदमरण्याचं कारण कधीकधी हास्यास्पद निघतं. इंजिन बंद करा, एकाला दांडा पूर्ण पुढे ढकलायला सांगा आणि तुम्ही कार्ब्युरेटरच्या तोंडातली झडप बघा. केबल सैल झालेली असेल तर दांडा शेवटाला टेकतो, पण झडप मात्र अर्धवटच उघडते. ही दुरुस्ती एका पान्याची आहे. त्यानंतर स्पार्क प्लग, पेट्रोलचा फिल्टर, हवेच्या तोंडावरची मळलेली जाळी आणि सिलिंडरांचं कॉम्प्रेशन तपासा. चारापैकी एक सिलिंडर आजारी असेल, तर महागातला पंखासुद्धा काही करू शकणार नाही.

आता पंख्याचा हिशेब. पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे लाकडात स्क्रू पिळावा तसा पंखा पाण्यात पिळला, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल ते अंतर. आपल्या बोटीचा पंखा २१ इंच पिचचा, म्हणजे ५३ सेंटिमीटरहून थोडा जास्त. इंजिनाचे ४१५० फेरे म्हणजे पंख्याचे २०७५. एवढ्या फेऱ्यांत बोट तासाला ६६ किलोमीटर जायला हवी होती, गेली ५५. मधली तूट सुमारे १७ टक्के. तिला स्लिप म्हणतात.

स्लिप पूर्णपणे नाहीशी होत नाही, आणि व्हायलाही नको. पातं पाण्याला थोडं तिरकं भिडलं तरच रेटा मिळतो, आणि हा तिरपेपणाच आकड्यांत स्लिप म्हणून दिसतो. पण हलक्या, चांगल्या जुळवलेल्या बोटीत ती १० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान राहते. सतराचा आकडा सांगतो की काहीतरी सांडतंय. स्लिप एकाएकी खूपच वाढली, फेरे भराभर चढतात पण बोट जागची हलत नाही, असं झालं तर पंख्याच्या मधला रबराचा बुश सुटलाय का ते आधी बघा.

पहिलं भोक: बूड

कोकणात पावसाळी मासेमारी-बंदीच्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तेव्हा बूड खरवडणं हे मोठं काम असतं. शेवाळ आणि कवचवाले जीव बुडाला धरले की वल्हं जड होतं, हे मच्छीमाराला कोणी शिकवावं लागत नाही. ताशी ५५ किलोमीटरने पळणाऱ्या बोटीला तर हाताला जेमतेम बुळबुळीत लागणारा थरही पुरतो. ज्या बोटी आठवडेच्या आठवडे धक्क्याला बांधून ठेवतात, त्यांचा वेग बहुतेक वेळा इथेच गेलेला असतो. स्टर्नड्राइव्हचा पायही विसरू नका. तो कायम पाण्यात असतो आणि घासायला अवघड असतो, म्हणून राहून जातो.

दुसरा दोष डोळ्यांना दिसत नाही. ट्रेलरच्या फळ्या आखूड असल्या आणि ट्रान्सम अधांतरी राहिला, तर इंजिनाच्या वजनाने वर्षानुवर्षं बूड वाकतं. बुडाचा शेवटचा एक-दीड मीटर भाग अगदी सरळ हवा. लांब सरळ पट्टी लावून बघा. मध्ये फट दिसली आणि मागची कड खाली झुकलेली निघाली, तर त्याला हुक म्हणतात. असं बूड शेपटी वर उचलतं आणि नाळ पाण्यात दाबतं. बोट नांगर टाकल्यासारखी चालते. उलट, कड वर गेलेली असेल तर बोट वेगात नाळ खालीवर आपटत उड्या मारू लागते. ट्रान्समची खालची कडही धारदार हवी. रंगाचे थर चढून ती गोल झाली की पाणी सुटून जाण्याऐवजी कडेला चिकटून वर चढतं आणि बोटीला मागे धरतं.

दुसरं भोक: वजन

अमेरिकी नौकारचनाकार जॉर्ज क्राउच याच्या नावाने ओळखलं जाणारं एक सोपं सूत्र आहे. प्लेनिंग बोटीचा वेग हा अश्वशक्तीला वजनाने भागून येणाऱ्या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. वर्गमूळ हा शब्द इथे सगळ्यात कंजूष आहे. वेग १० टक्के वाढवायचा तर ताकद २१ टक्के वाढवावी लागते, किंवा वजन साधारण १७ टक्के कमी करावं लागतं.

बाराशे किलोत शंभर किलो कमी झाले तर वेग चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, म्हणजे आपल्या बोटीत ताशी दोन-अडीच किलोमीटर. शंभर किलो सापडतात कुठे? शंभर लिटर पेट्रोलचं वजन सुमारे ७४ किलो. बर्फाची पेटी, जादा नांगर, दोरांची भेंडोळी, चार उन्हाळ्यांपूर्वीच्या स्की, सगळं कप्प्यात पडून असतं. बोट घरच्या माळ्यासारखी भरत जाते.

जुन्या बोटीत मात्र खरा चोर जमिनीखाली असतो. बुडाच्या पोकळीत तरंगण्यासाठी फोम भरलेला असतो. फटींतून पाणी शिरत राहिलं की वर्षानुवर्षांत तो ओल धरतो आणि बोट शेकड्याने किलो पाणी घेऊन फिरू लागते. ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन ट्रेलरचं वजन वजा केलं की कळतं. आकडा कंपनीच्या आकड्यापेक्षा फारच मोठा आला, तर वेग विसरा. ओल्या फोमशेजारचं लाकूडही कुजलेलं असण्याची शक्यता दाट असते, आणि तिथे प्रश्न सुरक्षिततेचा होतो.

उरलेलं वजन कुठे ठेवलं यानेही फरक पडतो. सगळे नाळेत बसले तर नाळ दबते आणि जास्त बूड ओलं होतं. वजन थोडं मागे असलेलं बरं, पण इतकं नाही की बोट उड्या मारू लागेल.

आपल्या बोटीचं बूड साफ केलं, कप्पे रिकामे केले. फेरे ४३०० झाले, वेग ५८. खर्च म्हटला तर ब्रश आणि एक दुपार.

तिसरं भोक: पंखा

नऊवारी नेसायची ती उंची पाहून, तसा पंखा घ्यायचा तो इंजिनाचे फेरे पाहून. लोक मात्र उलटं करतात. पिच मोठा म्हणजे एका फेऱ्यात अंतर जास्त, म्हणजे वेग जास्त, असा त्यांचा हिशेब असतो. चढणीवर सायकलचा सगळ्यात जड गिअर लावून बघा. पायांत ताकद आहे, पण पाय फिरतच नाहीत. आपल्या बोटीत नेमकं हेच झालंय. ४३०० फेऱ्यांना इंजिन आपली पूर्ण १३५ अश्वशक्ती देतच नाही. शिवाय ओझ्याखाली असं रगडत राहिल्याने ते आतून तापतं, ठोके देतं आणि लवकर म्हातारं होतं.

पिच एक इंचाने कमी केला की फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. म्हणून २१ चा पंखा काढून १९ चा लावला. फेरे गेले ४६५० वर. जुना पंखा अ‍ॅल्युमिनियमचा होता, नवा स्टेनलेस स्टीलचा घेतला. स्टीलची पाती पातळ करता येतात आणि जोरात वाकत नाहीत, त्यामुळे पाण्यावरची पकड टिकते. आता हिशेबाने वेग ६७ हवा, प्रत्यक्षात ६० आला. स्लिप ११ टक्के. पिच लहान केला आणि वेग वाढला, यात चमत्कार काहीच नाही. इंजिनाला पुन्हा श्वास घेता आला, एवढंच.

फेरे ४८०० च्या वर जात असते, तर हाच नियम उलटा लावून पिच वाढवायचा. नेहमीच्या ओझ्याला, पूर्ण थ्रॉटलला, फेरे ठरलेल्या पट्ट्याच्या वरच्या अर्ध्यात येतील असा पंखा तुमचा. उंचावरच्या सरोवरात हा हिशेब बदलतो. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या सीमेवरचं लेक टाहो समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटरवर आहे. विरळ हवेत साधं इंजिन दर तीनशे मीटरला जवळपास तीन टक्के ताकद गमावतं. तिथे १३५ चे ११० च्या आसपास उरतात, आणि समुद्रकाठी छान चालणारा पंखा तिथे जड पडतो.

स्टीलचा एक तोटा सांगायलाच हवा. खडकाला लागल्यावर अ‍ॅल्युमिनियमचं पातं स्वतः मोडतं आणि आतले गिअर वाचवतं. स्टीलचं मोडत नाही, धक्का आत पाठवतं. उथळ, खडकाळ पाण्यात फिरणाऱ्याने हा वेग कितीला पडेल ते आधी ठरवावं.

पंख्यामुळे अडलेल्या वेगाची सगळ्यात गाजलेली गोष्ट इंग्लंडमधली आहे. चार्ल्स पार्सन्सने आपली वाफेची टर्बाइन लोकांना दाखवण्यासाठी १८९४ मध्ये ‘टर्बिनिया’ ही लांब, चिंचोळी बोट पाण्यात उतरवली. ताकद भरपूर होती, पण वेग वीस नॉटलाही पोचेना. पंखा इतक्या जोरात फिरत होता की पात्यांच्या पाठीशी दाब कोसळून पाण्याची वाफ होत होती, आणि पातं पाण्याऐवजी बुडबुड्यांत फिरत होतं. हेच कॅव्हिटेशन. पार्सन्सने टाकीत पंखे फिरवून हे बुडबुडे पाहिले, मग एकाच्या जागी तीन टर्बाइन आणि तीन दांडे घातले, प्रत्येक दांड्यावर तीन-तीन पंखे बसवले. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी नौदल-संचलनात टर्बिनिया चौतीस नॉटच्या आसपासच्या वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून पळाली आणि तिला अडवायला निघालेल्या नौका मागे पडल्या.

छोट्या बोटीवाले ज्याला कॅव्हिटेशन म्हणतात ते मात्र बहुतेक वेळा दुसरंच असतं. पंखा पृष्ठभागाजवळ आला, किंवा पुढे बसवलेल्या सोनारच्या डबीने बुडाखाली फेस केला, की पंखा वरची हवा ओढतो. फेरे उसळतात, वेग पडतो. उपाय पंखा बदलण्याचा नाही, हवा कुठून येते ते शोधण्याचा आहे.

चौथं भोक: कोन

आता त्या झुकणाऱ्या पायाकडे येऊ. दांड्यावरच्या बटणाने पाय ट्रान्समकडे ओढला की पंख्याचा रेटा नाळ खाली दाबतो. बाहेर ढकलला की नाळ उचलली जाते. याला ट्रिम म्हणतात. पतंगाची कणी थोडी वरखाली बांधली तर एक पतंग आकाशात चढतो आणि दुसरा गोते खातो. बोटीचंही तसंच आहे. न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटच्या डॅनियल साविट्स्की यांनी १९६४ मध्ये प्लेनिंग बुडांचं गणित मांडलं. त्यावरून दिसतं की बूड पाण्याशी साधारण चार अंशांचा कोन करतं तेव्हा अडथळा सगळ्यात कमी असतो. कोन कमी झाला तर जास्त बूड ओलं होऊन घर्षण वाढतं. जास्त झाला तर बोट पाणी पुढे ढकलत बसते.

अंश मोजायचं यंत्र बोटीत नसतं, पण कान आणि हात असतात. सुरुवातीला पाय पूर्ण आत ठेवा आणि बोट प्लेनवर येऊ द्या. मग थ्रॉटल तसाच ठेवून बटण थोडं थोडं दाबत पाय बाहेर काढा. बोट हलकी होते, मागे उडणारं पाणी लांब जातं, फेरे आणि वेग दोन्ही चढतात. एका क्षणी फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, किंवा नाळ लयीत आपटू लागते. तिथून किंचित मागे या. तीच जागा. वळण घेण्याआधी पाय पुन्हा आत घ्या, नाहीतर पंखा हवा ओढेल.

वर दिलेले ५५, ५८ आणि ६० हे तिन्ही आकडे अशी जागा शोधूनच घेतलेले आहेत. पाय आतच ठेवून बोट हाकणारे बरेच असतात. त्यांनी ही जागा शोधली तर वेग फुकटात मिळतो, खिशाला हात न लावता.

शेवटी इंजिन

आपल्या बोटीने ५५ वरून ६० गाठले. इंजिनाला नट लावला नाही की काढला नाही. हाच फरक ताकदीने मिळवायचा असता तर क्राउचच्या सूत्राने १३५ चे १६० करावे लागले असते. आता पुढचा हिशेब करा. साठाचे सत्तर हवेत तर सुमारे १८५ अश्वशक्ती, ऐंशी हवेत तर २४०. तेवढं इंजिन जड असतं, म्हणजे वजनाचं भोक पुन्हा उघडतं. पायातले गिअर तेवढी ताकद सोसतील का, हा वेगळाच प्रश्न. त्या वेगासाठी ते बूड आखलेलंच नसेल, तर बोट एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डोलू लागते, आणि ते डोलणं आवरलं नाही तर माणसं पाण्यात पडतात.

एक मोह कटाक्षाने टाळा. इंजिन मोटारीच्या जातीचं आहे म्हणून मोटारीचे स्वस्त सुटे भाग लावू नका. मोटारीखाली सांडलेली पेट्रोलची वाफ वाऱ्यावर जाते, बोटीत ती इंजिनाच्या बंद खोलीत साचते. म्हणून बोटीचा डिस्ट्रिब्यूटर, स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर पडू नये अशा बेताने बनवतात, आणि बोटीचा कार्ब्युरेटर सांडलेलं पेट्रोल बाहेर न टाकता आतच घेतो. इंजिन सुरू करण्याआधी त्या खोलीतली वाफ बाहेर काढणारा ब्लोअर चार मिनिटं चालवा, मग चावी फिरवा.

आणि वेगाची चाचणी घेताना इंजिन-बंद स्विचचा दोर अंगाला अडकवा. २६ फुटांखालच्या बोटीला हा स्विच बसवलेला असेल, तर प्लेनवर असताना तो चालकाला जोडलेला असणं अमेरिकेच्या जलमार्गांवर १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. चालक पाण्यात पडला तर ताशी साठ किलोमीटरने पळणारी रिकामी बोट वर्तुळात फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते.

तेव्हा क्रम पाठ करून ठेवा: मोजा, घासा, रिकामं करा, पंखा जुळवा, कोन शोधा. दर पायरीनंतर पुन्हा मोजा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. एवढं करून वेग पुरला नाही, तर मोठं इंजिन घेण्यापेक्षा मोठ्या इंजिनासाठी बांधलेली बोट घ्या. ती स्वस्त पडेल.